आईकडून आलेलं

"आई, तू बाहेर बस ना जरा," लेक पुन्हा म्हणाली.

"का? मी काय आजच बघतेय तुला?" आई म्हणाली आणि जागची हलली नाही.

गाडी आत्याची होती, म्हणून आत्याही आत आली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. लेकीनं तो कालच फोनवर वाचला होता. पार्लरमध्ये ड्रायर धरलेला हात वर का टिकत नाही, जिना चढताना मांड्या का भरून येतात, सगळ्याचं उत्तर त्यात होतं. त्या उत्तराची तिला भीती नव्हती. ते आत्यासमोर आईच्या कानावर पडायला नको होतं.

"स्नायूंना ऊर्जा पुरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्यात बिघाड आहे. उपाशी राहायचं नाही. ताप अंगावर काढायचा नाही. दमल्यावर रेटून काम तर अजिबात नाही."

"पण हे आलं कुठून? आमच्याकडे सगळे धडधाकट!" आत्या म्हणाली.

लेकीनं डॉक्टरांना नजरेनं नको म्हटलं. त्या कागदावर औषध लिहीत होत्या.

"मायटोकॉन्ड्रिया बाळाला आईकडूनच मिळतात. हा बिघाडही तिकडूनच आलाय."

"वाटलंच मला! पोरीच्या पदरात काय घातलंस बघ, वहिनी."

लेकीनं घाईनं आईचा हात धरला. आईनं तो सोडवून घेतला. पापण्या जड असल्यामुळे तिला मान मागे टाकून बघावं लागायचं. तशीच ती डॉक्टरांकडे बघत राहिली.

"म्हणजे मलाही आहे?"

"तपासावं लागेल. पण तुमच्या पापण्या बघता, बऱ्याच वर्षांपासून असणार."

"लग्न होऊन आले तेव्हापासून?"

"असू शकतं. त्याआधीपासूनही."

आत्या पर्स उचलून उठायला लागली.

"थांबा, वन्सं," आई म्हणाली. "लेकीला माझ्याकडून आलं, कबूल. पण घरात सगळ्यांनी मिळून मला आळशी ठरवलंत, ते आधी मागे घ्या. इथंच, डॉक्टरांसमोर. मी बसून ऐकते."