नवऱ्याच्या नावावर

नाव

वर्षाराणी सिस्टरनं लाल पेननं रिपोर्टवरचं 'आप्पाराव' खोडलं आणि फोन लावला.

"बायकोचं नाव काय?"

"कुनाच्या?" पलीकडचा माणूस गांगरला.

"तुमच्या. दुसऱ्याच्या बायकोचं तुम्हाला कशाला विचारू?"

"भामा."

"मग तपासणी शिबिरात तेच सांगायचं होतं ना. सोमवारी या."

फोन ठेवून तिनं 'भामाबाई आप्पाराव' लिहिलं. पुढचं 'पुरुष'ही खोडलं. स्तनाची गाठ, सुईनं घेतलेला नमुना, निदान कर्करोग. आणि नाव नवऱ्याचं. या वर्षातला हा बारावा कागद.

"फोन त्याचा, रेशन कार्ड त्याचं, आता बायकोचा कॅन्सरही त्याचाच," ती म्हणाली.

केमोच्या खोलीत नवीनच आलेली दिपाली हसली. वर्षाराणी हसली नाही.

अनुभव

नऊ वर्षं.

मुंबईला वर्षभर कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा शिकून ती परत आली, तेव्हा साहेबांनी तिला पोलिओच्या डोसावर लावलं. केमोची खोली उघडून घ्यायला दोन वर्षं भांडावं लागलं. बारीक झालेली शीर कशी शोधायची, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी कशी जळते, हे तिनं सहा पोरींना शिकवलं. पाच पुण्याला गेल्या. सहावी दिपाली, तीही जाणारच. बढतीच्या यादीत वर्षाराणीचं नाव कधी आलं नाही. कर्करोगाची परिचारिका असं पदच सरकारी कागदावर नव्हतं, तर नाव कुठून येणार.

पुण्याहून तिलाही बोलावणं आलं होतं. ती गेली नाही ती साखराबाईमुळं.

साखराबाई आष्टीकडची. फाइल नवऱ्याच्या नावावर, फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा उसाच्या तोडीवर. 'तुमच्या बाईला घेऊन या' हा निरोप चार महिने त्या खिशातच राहिला. बाई आली ती उचलून आणावी लागली. आठव्या दिवशी गेली.

तेव्हापासून लाल पेन.

सोबत कोण

सोमवारी आप्पाराव एकटाच आला. खोलीत सात बायका सलाइन लावून बसलेल्या. तो दाराशीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"पेशंट कुठाय?"

"म्याडम, ते मलाच..."

"तुम्हालाच औषध पाहिजे, पिशवीत घालून घरी न्यायला. हे काय खोकल्याचं औषध आहे?"

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "आमचाबी असाच व्हता, गोळ्या द्या म्हनायचा." आप्पारावनं एकदा त्या सगळ्यांकडं बघितलं.

"बाईला आणल्याशिवाय पायरी चढायची नाही," वर्षाराणी म्हणाली.

तो टोपी घालून गेला. पुढचे तीन सोमवार खुर्ची रिकामी. फोन वाजायचा, कुणी उचलायचं नाही. फाइल रोज टेबलावर वरच असायची. गाठ थांबून राहत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पत्ता

वडवणीच्या पुढं, माळावरची वस्ती. वर्षाराणी रजा टाकून स्कूटीवर गेली. दोनदा रस्ता चुकली, दोन्ही वेळा आप्पारावला शिव्या घातल्या.

तो लिंबाखाली बाजेवर बसला होता. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेली, वरून टॉवेल. आणि समोरून भामाबाई येत होती, डोक्यावर कडब्याचा भारा, मागं शेळ्या.

वर्षाराणीनं स्कूटी लावली आणि ती थेट बाजेसमोर जाऊन उभी राहिली.

"बसा तुम्ही. बसूनच राहा. लाज कशी वाटत नाही हो?"

"वाटती की," आप्पाराव खाली बघत म्हणाला.

"शेळी आजारी पडली असती तर तालुक्याला पळाला असता."

"शेळीचं सांगता येतं, म्याडम."

ती त्याच्याशी पुढं बोललीच नाही. भामाबाईच्या डोक्यावरचा भारा तिनं स्वतः खाली ओढला.

"ताई, पानी घ्या आदी. लई ऊन हाय."

"पाणी राहू द्या. काय झालंय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"समदं ठाव हाय. म्या रोज म्हनते, चला दवाखान्यात. ऐकत न्हाईत. तुमी त्या दिशी हाकललं, तवाधरनं म्हनत्यात, आता त्या पायरीवर पाय न्हाई."

"मी बोलले म्हणून ह्यांचा मान गेला. आणि जीव कुणाचा जातोय?"

भामाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो टॉवेल सारखा करत राहिला.

"आत चला," वर्षाराणी म्हणाली. "मला बघू द्या."

तपासणी

तिनं दार लोटलं. पत्र्याच्या भोकातून येणारा उजेड पुरेसा होता.

"चोळी सोडा."

भामाबाई थबकली. मग निमूट चोळी सोडली. "शिबिरातबी समद्या बायांची बघितली व्हती," ती म्हणाली.

वर्षाराणीनं हात चोळून ऊब आणली. तीन बोटं जुळवून गोल गोल, बाहेरून आत. उजवी. डावी. काख. गळ्याच्या हाडाच्या वरची खळगी. नऊ वर्षांत या बोटांनी हरभऱ्याएवढीही गाठ सोडली नव्हती.

काही लागलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा काही लागलं नाही.

"कुठली बाजू सांगितली होती?" आता तिचा आवाज खाली आला होता.

"डावी," भामाबाई चोळी बांधत म्हणाली. मग तिनं दार उघडलं आणि लिंबाकडं तोंड करून हाक मारली.

"अवं, या आत. ताई घरला आल्यात, हितं दुसऱ्या बाया न्हाईत कुनी. सदरा काढा."