कृमीचे आकडे

“मुलगा निघाला की मुलगी?” हुलासबाईंनी सुनेच्या खाटेकडे पाठ करूनच डॉक्टरीणबाईंना विचारलं.

तेवढंच विचारायला त्या धानोऱ्याहून नंदुरबारच्या दवाखान्यात आल्या होत्या. १९३८ सालचा चैत्र होता. त्यांचा मुलगा वारून तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या विधवेचं, धापूचं पोट पाच महिने वाढत होतं. त्यांनी तिला गोठ्यात ठेवलं, ताट वेगळं केलं, पोट पाडायचा कडू काढा दोनदा पाजला. धापू शपथा घेत राहिली. त्या शपथांवर हुलासबाई नुसत्या थुंकल्या. शेवटी पोरगी तापानं फणफणली, तेव्हा शेजारच्या सुंदरबाईनं तिला गाडीत घालून इथं आणलं. काल पोट उघडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी धापूच्या पोटातून निघालेल्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. हुलासबाईंना टेबलापाशी नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. उजेडाच्या चकतीत वाळूसारखे दाणे दिसत होते. एकेका दाण्याच्या तोंडाशी आकड्यांचं कडं होतं, विळ्यासारख्या वाकड्या आकड्यांचं.

ढ मुलीला धडा समजवावा तशा डॉक्टरीणबाई सांगत गेल्या. कुत्र्याच्या आतड्यात एक चपटी कृमी राहते. तिचं अंडं हातावरून तोंडात गेलं की माणसाच्या यकृतात पाण्याची पिशवी धरते. हे दाणे म्हणजे तिची पिल्लं. पुढं कुत्र्याच्या आतड्यात चिकटून राहायला त्यांना हे आकडे लागतात. ज्यांची पकड ढिली, त्यांचा वंशच उरला नाही. पिढ्यान्‌पिढ्या आकडे असे घडत गेले. पिल्लं मरून विरून जातात, पण आकडे विरत नाहीत.

“अशी पिशवी वाढायला वर्षं लागतात, बाई. तुमचा मुलगा हयात होता, तेव्हाच ती धरली असणार.”

हुलासबाईंनी काचेवरून डोळा काढला. मग त्या पहिल्यांदा खाटेपाशी गेल्या. घरची गाडी पाठवते म्हणाल्या. वरची खोली झाडून ठेवते, चार बायकांना बोलावून खरं काय ते सांगते म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला.

“चल घरी. पोटात पाप नव्हतं तुझ्या, किडा होता.”

धापूनं तो हात कपाळावरून उचलून बाजूला ठेवला.

“आणि पोर असतं तर, सासूजी?”