कालिंदीच्या पाटीवरचं घर

चौऱ्याहत्तर साली भवानीपूरच्या आमच्या घरात सूनबाईला देवी आल्या. तिला इस्पितळात नेलं. साथ पसरू नये म्हणून मला आणि नातीला घरातच ठेवून दाराबाहेर पहारेकरी बसवला.

पोरीचं डोकं चालतं राहावं म्हणून कालिंदीला मी रोज पाटीवर आपलं घर काढायला लावी. दुसऱ्या आठवड्यात चित्रातल्या खिडक्या गेल्या. बंदच असतात, विसरली असेल, असं मला वाटलं.

त्या दिवशी दारही नव्हतं.

"अगं वेडाबाई, मग आई आत कशी येणार?"

तिचे डोळे भरले. "तेच तर विचारतेय ना, आजोबा!"

मी हसत दाराकडे बोट दाखवायला वळलो. बाहेर पहारेकरी खोकला. पाडव्याचं वाळलेलं तोरण जागच्या जागी होतं.

त्याच्याखाली सलग भिंत होती.