तेरा चुण्यांची मुरड
सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी नेलिदा पहाटेपासून झणझणीत कोंबडी भरलेल्या, करंजीसारख्या एम्पनाडा मातीच्या भट्टीत भाजत होती. सारण सासूबाईंच्या तोडीचं होतं, मुरड मात्र साधीच. तेरा चुण्या घालून टोकाला शेपटी वळवायची ती मुरड अख्ख्या तुकुमान प्रांतात फक्त सासूबाईंना यायची. वीस वर्षांत नेलिदाने कितीदा विनवलं, उत्तर ठरलेलं: "तुझा हात जड, बाई. तुला नाही जमायची." दुपारी नवरा शेजारच्या साल्ताहून ट्रक घेऊन आला, हातात डबा. "ओळखीच्या बाईंनी दिलाय, आईसाठी." नेलिदाने झाकण काढलं. आतल्या प्रत्येक एम्पनाडाला तेरा चुण्या होत्या, टोकाला शेपटी. दर सप्टेंबरात सासूबाई आणि नवरा, दोघे मायलेक, नवस फेडायला साल्तालाच जायचे. नवरा भट्टीत लाकडं सारू लागला. नेलिदाने डबा सासूबाईंपुढे धरला. "आई, तिला कधी शिकवलीत?" सासूबाईंनी एक उचलून सावकाश खाल्ली. "तिचा हात हलका आहे गं."