पिवळ्या होडीची परीक्षा

वैमानिक रूफसने मर्सरला कोपराने ढोसलं आणि खाली बोट दाखवलं. मर्सरने विमानातून वाकून पाहिलं. वाळूच्या दांड्यापलीकडे, फेसाळ लाटांत एक होडी हिंदकळत होती.

त्याने आधी घड्याळ बघितलं. नऊ वाजून चार मिनिटं. होडी शोधायची मुदत दहापर्यंत होती. मर्सरचा जीव भांड्यात पडला.

बचाव दलात विमानं हवीत, समुद्रात अडकलेली माणसं वरून चटकन सापडतील, हे थॅडियस मर्सर पाच वर्षं वरिष्ठांच्या कानीकपाळी ओरडत होता. इंजिनियर माणूस, या विमानाचं इंजिन त्याने स्वतः तीनदा खोलून जोडलं होतं. वरिष्ठ नुसते हसत. शेवटी वॉशिंग्टनच्या मुख्यालयाने आजची एक संधी दिली. होडी सापडली तर विमानं राहतील, नाही तर हँगरला कुलूप. मर्सरला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

परीक्षा साधी होती. हॅटरस भूशिराच्या अलीकडच्या बचाव ठाण्याचे प्रमुख कप्तान टिलेट सकाळी सातला एका माणसाला पिवळ्या होडीत बसवून वीस मैलांच्या आत कुठेतरी सोडणार. विमानाने होडी शोधायची, जागा टिपायची आणि परतायचं. विमान पाण्यावर उतरणारं असलं, तरी अशा लाटांत उतरायचं नाही, हा हुकूम होता. त्या माणसाला आणायला टिलेटची मोटरबोट मागून जाणार.

टिलेटला विमानांचं भारी वावडं. "तुझा हा पतंग माझ्या वल्हेकऱ्यांची बरोबरी करणार होय?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. रात्रीच्या वादळाने किनाऱ्यावरची टेलिफोनची तार तुटली होती, त्यामुळे सकाळी ठाण्याला विचारायची सोय नव्हती. पण विचारायचं तरी काय? बावीस वर्षांत आपली होडी लाटांना भिऊन काठावर राहिलेली नाही, ही टिलेटचीच बढाई होती.

रूफसने विमान खाली घेतलं.

"पिवळी कुठाय ही?" तो इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "करडी दिसतेय मला!"

"म्हाताऱ्यानं होडी बदलली असेल! चकवतोय आपल्याला!"

"अन् माणसं दोन आहेत!"

खरंच दोन होती. एक तळाशी आडवा पडलेला, दुसरा उभा राहून सदरा गरागरा फिरवत होता.

"आपल्याला मोजता येतं का ते बघतोय थेरडा!" मर्सर खदखदून हसला. "नट मात्र बेस निवडलेत!"

विमानाने आणखी एक फेरी मारली. उभा माणूस आता गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने दोन्ही हात वर केले होते. मर्सरनेही मनापासून हात हलवला. होकायंत्र बघून जागा टिपली, "माणसं दोन" असं लिहिलं आणि रूफसची पाठ थोपटली.

विमान तळावर परतलं तेव्हा धक्क्यावर वॉशिंग्टनचे कमांडर ऑल्डरिच वाट बघत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"दोन? टिलेट मला एकच म्हणाला होता."

"बेरकी आहे तो, साहेब."

"त्यांना आणायला कोणी गेलंय?"

"मोटरबोट कधीच निघाली असेल."

ऑल्डरिचनी हात पुढे केला. "मर्सर, कुलूप मी परत घेऊन जातो."

मर्सरने तो हात दोन्ही हातांनी धरला. पाच वर्षं त्याने हेच एक वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. मेकॅनिकांनी त्याला खांद्यावर घेतलं, कोणीतरी कॉफी आणली, कोणी डुकराच्या मांसाचे पाव. रूफस नटांची नक्कल करून दाखवत होता. सगळे पोट धरून हसत होते.

अकराच्या सुमारास वाळूवरून एक घोडागाडी आली. टिलेट खाली उतरला. तो कमरेपर्यंत भिजलेला होता, टोपी हातात होती. म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा बघून मर्सरला त्याची दया आली.

"या कप्तान, या! जिंकण्या-हरण्याचं काय एवढं मनावर घेता? कॉफी घ्या आधी."

टिलेटने मान वर केली नाही.

"हसायचं तर हास बाबा. तीनदा होडी पाण्यात ढकलली, तिन्ही वेळा लाटांनी आम्हांला काठावर आणून आपटलं. मोटरबोटीचीही तीच गत. तार तुटलेली, म्हणून मीच सांगायला आलो. पिवळी होडी ठाण्यातच आहे अजून. परीक्षा उद्या घेऊ या का?"