आठव्या रकान्यातला गुण

पोरगी रडत होती आणि जागेश्वर धकाते आठव्या रकान्यापाशी अडला होता. ‘आपल्या अंगचे विशेष गुण.’ हेडक्लार्कच्या जागेचा अर्ज होता, मुदत उद्याची.

“माह्यात कोणता गुण आहे, सांग वं.”

“आधी हिले धरा,” शामला म्हणाली.

त्याने सव्वा महिन्याच्या लेकीला हातांवर घेतलं. नीट न्याहाळलं. “लंगोटाची घडी तिरपी झाली.”

“लेकरू भुकेनं रडून राहिलं अन् तुमी घडी पाहून राहिले? अंगावरचं दूध पुरत नाही तिले. पावडरचा डबा आणा, डबा!”

पण जागेश्वरला गुण सापडला होता. पोरीला परत देऊन त्याने लिहिलं, ‘एकही चूक माझ्या नजरेतून सुटत नाही.’ खाली लफ्फेदार सही ठोकली.

लिहिलं ते खोटं नव्हतं. वडील इतवारीत मागावर बसत. तुटलेला धागा नुसत्या बोटाने हुडकत आणि जोडत. त्यातली पहिली अर्धी विद्या जागेश्वरने उचलली होती. मुख्य कचेरीच्या तपासणी शाखेत रोज शंभर कागद त्याच्या हाताखालून जात. कागद कशाबद्दल आहे हे वाचण्यात तो वेळ दवडत नसे. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, मांडणी. दुपारच्या चहापर्यंत साठ कागद आल्या वाटेने परत जात. शाखेत याला दरारा म्हणत.

दुधाच्या पावडरची तेव्हा टंचाई होती. सहकारी भांडारात डबा मिळे तो जन्माचा दाखला दाखवल्यावरच. दाखला वॉर्डाच्या कचेरीत.

तिथले बाबनराव पान जमवत बसले होते. “छापील फॉर्म संपले, भाऊ. दाखला कायवर लिहू? या पानावर?”

“मागवा मंग.”

“मागवले ना. मंजुरीच येऊन नाही राहिली.”

पुढच्या आठवड्यातही पान होतं, फॉर्म नव्हते. तिसऱ्या खेपेला जागेश्वर चिडला. “मी मुख्य कचेरीत आहे, माहीत आहे का?”

“मंग तर सोपंच झालं. तिथं कोणाच्या तरी कानात सांगा.”

“वशिला? माह्या बापानं नाही लावला कधी.”

“मंग थांबा,” बाबनरावांनी पान गालात सारलं. “दात आले की पोरगी पोयीच खाईन.”

घरी शामला बाटलीत भाताची पातळ पेज भरत होती. पोरीचे पाय काडीसारखे दिसत होते.

“नाही भेटला?”

“बाटली वाकडी धरली तू. हवा जाते पोटात.”

शामलाने बाटली खाली ठेवली. “तीन आठवडे झाले. एक डबा होत नाही तुमच्यानं. अन् हेडक्लार्क होणार म्हणे!”

हे मात्र लागलं. जागेश्वरने कोरा ताव घेतला, पट्टीने डावीकडे दीड इंच समास सोडून रेघ आखली आणि थेट साहेबांच्या नावे तक्रार लिहिली. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. ‘तान्ह्या बालकांच्या तोंडचे दूध कागदी कारणांनी अडवणाऱ्या कर्मचाऱ्याचा छडा लावावा. अशा माणसाला बढतीस कायमचे अपात्र ठरवावे.’

शामलाला वाचून दाखवलं. कित्येक दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “हे मातर चांगलं लिहिलं तुमी. सोडू नका त्या मेल्याले.”

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर त्याचा अर्ज होता, शेजारी तक्रार.

“तक्रार तुमचीच ना, धकाते?”

“होय साहेब.”

“चूक काढायला कुठं जागा नाही. वाचून मी स्वतः वॉर्डात जाऊन आलो. फॉर्म आजच मंजूर केले. सोमवारी दाखला मिळेल तुम्हाला.”

जागेश्वरचा ऊर भरून आला. “आणि तो माणूस, साहेब? त्याची गय करू नये.”

“नाही करणार. सापडला तो.”

साहेबांनी वॉर्डातून आणलेले कागद पुढे सरकवले. बाबनरावांचे तीन मागणीअर्ज. तिन्हींवर एकच शेरा होता : ‘डावीकडे दीड इंच समास नाही. परत.’

खालची सही लफ्फेदार होती.