विंगेतली कोंबडी

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण या बॅलेत मी कोंबडा होतो!” रोग्यांना भूल देणाऱ्या डॉक्टर मधुसूदनरावांनी ठोकून दिलं. इंग्लंडातल्या लीड्सच्या थिएटरात पडदा उघडायच्या बेतात होता. हा विनोदी बॅले सुरूच होतो कोंबड्यांच्या नाचानं, आणि कोंबडी झालेली त्यांची नात रेवती विंगेतच अडून मुसमुसत होती, “लोक हसतील, आजोबा!” “मलाही हसले ना! शहाऐंशी साली कोंबडा आजारी पडला, मला हॉस्पिटलातून उचलून आणलं. मी अशी गिरकी घेतली, की या बॅलेत गाडी ओढायला आणतात ते खरंखुरं तट्टू खिंकाळायचं सोडून आरवलं! टाळ्या थांबेनात, तेव्हा तिथंच अंडं घातलं. हे एवढं!” मुसमुसणं थांबलं. ऑर्केस्ट्रा सुरू झाला. रेवती बाकीच्या कोंबड्यांमागे पिसं फडफडवत धावली आणि भर रंगमंचावरून अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशी ओरडली, “आजोबा, तुम्ही खोटं बोलता! कोंबडा कधी अंडं घालतो?”